संगणक आज्ञावलीचा पहिला अभ्यासक्रम : अपेक्षा, नियम आणि त्यांमागील हेतू

जून-जुलै महिन्यांत महाविद्यालये उघडली की विज्ञान, वाणिज्य आणि अभियांत्रिकी शाखांच्या अनेक वर्गांत संगणकाची आज्ञावली तयार करण्याचा, म्हणजेच रूढ भाषेत प्रोग्रॅमिंगचा, विषय सुरू होतो. पहिल्याच तासाला प्राध्यापक एक नियमपत्रक वाचून दाखवितात. उपस्थिती किती हवी, प्रात्यक्षिके केव्हा सादर करावयाची, मदत कोणाची आणि किती घ्यावयाची, गुण कसे दिले जातील, अशा बाबी त्यात नमूद केलेल्या असतात. बहुतेक विद्यार्थी या पत्रकाची घडी घालून ते वहीत ठेवून देतात आणि काही बिघडल्यावरच ते पुन्हा उघडतात.

या वर्गात एकाच बाकावर दोन अगदी निराळे विद्यार्थी बसलेले असतात. एकाच्या घरी अनेक वर्षांपासून संगणक असतो आणि शाळेतच त्याने लहानसहान आज्ञावल्या लिहिलेल्या असतात. दुसरा तालुक्याच्या गावी मराठी माध्यमात शिकून आलेला असतो. मोबाइल त्याला परिचित असला, तरी संगणकाच्या कळफलकावर त्याची बोटे प्रथमच फिरत असतात. पहिला विद्यार्थी दहा मिनिटांत काम संपवून मोकळा होतो, तर दुसऱ्याच्या पडद्यावर चुकांचे संदेश उमटत राहतात. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात दुसऱ्याचा समज होऊ लागतो की, हा विषय आपल्यासाठी नव्हे. हा समज एकदा रुजला की गैरहजेरी, मित्राच्या वहीवरून उतरवून काढणे आणि अखेरीस विषय राहणे हा क्रम ठरलेला असतो. विद्यार्थ्याची कुवत कमी होती असे मात्र यातून सिद्ध होत नाही. या अभ्यासक्रमात नेमकी कशाची अपेक्षा आहे हे त्याला कोणी वेळीच सांगितले नाही, एवढेच अनेकदा खरे असते. नियमपत्रकाचा विचार याच दृष्टीने करावयास हवा.

सहा दशकांची वाटचाल

भारतात आज्ञावली लिहिण्याच्या कामाची सुरुवात ज्या मोजक्या ठिकाणी झाली, त्यांत मुंबईला मानाचे स्थान आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत देशी बनावटीचा संगणक १९६० मध्ये पूर्ण झाला आणि १९६२ मध्ये त्याला ‘टिफ्रॅक’ हे नाव देण्यात आले. त्याची स्मृती २,०४८ शब्दांची आणि प्रत्येक शब्द ४० बिटांचा होता. आजच्या मापाने ही स्मृती जेमतेम १० किलोबाइट भरते. १९६३ मध्ये कानपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत आयबीएम १६२० हा संगणक आला आणि तेथे फोरट्रान भाषेतून आज्ञावली लिहिण्याचे शिक्षण विद्यार्थ्यांना मिळू लागले.

त्या काळी विद्यार्थी आपली आज्ञावली छिद्रे पाडलेल्या पत्त्यांवर उतरवून संगणक केंद्रात देत असे आणि छापील उत्तर हाती येण्यास बराच अवधी लागत असे. एखादा स्वल्पविराम चुकला, तर सारा खटाटोप पुन्हा करावा लागे. त्यामुळे आज्ञावली देण्यापूर्वी कागदावर तिची एकेक ओळ तपासून पाहण्याची सवय विद्यार्थ्यांना आपोआपच लागत असे. आज कळ दाबताच उत्तर मिळते. ही सोय मोठी आहे. तथापि, विचार न करता काहीतरी बदलून पुन्हा कळ दाबण्याची सवयही तिच्यामुळेच लागते. पहिल्या अभ्यासक्रमातील अनेक नियमांचा उगम या एका गोष्टीत आहे. यंत्र वेगवान झाले असले, तरी समजून घेण्यास माणसाला लागणारा वेळ पूर्वीइतकाच आहे.

पूर्वज्ञानाची अट नाही

प्राथमिक अभ्यासक्रमाची पहिली अपेक्षा अशी की, विद्यार्थ्याला आज्ञावली लिहिण्याचा पूर्वानुभव असण्याची आवश्यकता नाही. शालेय बीजगणित, दिलेला प्रश्न सावकाश वाचण्याची तयारी आणि एखादी कृती पायरीपायरीने सांगण्याची क्षमता एवढ्या भांडवलावर प्रारंभ करता येतो.

इंग्रजीची धास्ती हा पुष्कळ विद्यार्थ्यांच्या मार्गातील मोठा अडसर असतो. याबाबत वस्तुस्थिती समजून घेणे उपयुक्त ठरेल. सी या भाषेच्या १९८९ च्या प्रमाणित रूपात अवघे ३२ राखीव शब्द आहेत, तर पायथन भाषेच्या अलीकडील आवृत्त्यांत ते ३५ आहेत. ‘जर’, ‘नाहीतर’, ‘जोपर्यंत’ अशा अर्थाचे हे मूठभर शब्द आठवडाभरात सरावाचे होतात. खरी अडचण येते ती पाठ्यपुस्तकाची भाषा आणि चुकांचे इंग्रजी संदेश वाचताना. संदेश कितव्या ओळीवर बोट ठेवतो ते पाहावे आणि पहिली चूक प्रथम दुरुस्त करावी. एका चुकीमुळे पुढील अनेक ओळींवर संदेश उमटतात, हे ध्यानी घेतले की ही भीतीही बरीच ओसरते.

आधीपासून माहिती असणाऱ्या विद्यार्थ्याकडूनही काही अपेक्षा असते. प्रारंभीचे पाठ सोपे वाटले म्हणून तो वर्गाकडे पाठ फिरवितो आणि पुढे अभ्यासक्रम त्याच्या माहितीच्या पलीकडे केव्हा गेला हे त्याला कळतही नाही. शिवाय स्वशिक्षणातून लागलेल्या काही सवयी मोडाव्या लागतात, आणि त्यासाठी नव्याने शिकण्याइतकेच कष्ट पडतात.

वेळेचा हिशेब

श्रेयांक पद्धतीनुसार सत्रातील एका श्रेयांकासाठी व्याख्यानांचे १५ तास अथवा प्रात्यक्षिकांचे ३० तास धरले जातात. समजा, एखाद्या अभ्यासक्रमास व्याख्यानांचे २ आणि प्रात्यक्षिकांचा १ श्रेयांक आहे. अशा वेळी सत्रभरात ३० अधिक ३० असे ६० तास होतात. १५ आठवड्यांचे सत्र धरले, तर आठवड्याला ४ तास पडतात. हे चार तास म्हणजे संपूर्ण अभ्यास नव्हे. त्याखेरीज स्वतः उदाहरणे सोडविण्यास वेळ काढावा लागतो, आणि तो दररोज थोडाथोडा काढणेच हिताचे असते. आज्ञावली लिहिणे हे पोहण्यासारखे कौशल्य आहे. काठावर बसून दुसऱ्याचे पोहणे कितीही पाहिले, तरी पाण्यात उतरल्यावाचून ते अंगी येत नाही.

उपस्थितीच्या नियमाचे कारणही यातच आहे. सामान्यतः किमान ७५ टक्के उपस्थिती अपेक्षित असते. या विषयाची रचना शिडीसारखी असते. प्रथम चल, म्हणजे मूल्य साठविण्याची नाव दिलेली जागा, त्यानंतर अट, मग तीच कृती पुनःपुन्हा करविणारे आवर्तन, पुढे फंक्शन आणि अनेक मूल्ये ओळीने मांडणारा ॲरे. आवर्तनाचा आठवडा चुकला, तर ॲरेचा तास ऐकूनही विशेष उपयोग होत नाही. इतिहासातील एखादे प्रकरण मागाहून वाचून काढता येते. येथे मात्र गळलेली पायरी पुढील प्रत्येक पायरीवर आडवी येते.

उत्तर आले म्हणजे ते बरोबरच असेल असे नाही

आज्ञावली चालली, पडद्यावर आकडा उमटला, म्हणजे काम झाले, असा नवशिक्यांचा समज असतो. तो किती फसवा आहे हे एका साध्या उदाहरणावरून दिसून येईल. एखाद्या गावाच्या पर्जन्यमापकावर पाच दिवसांत अनुक्रमे १२, ७, ०, २५ आणि ९ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. एकूण पाऊस ५३ मिलिमीटर. त्याला ५ ने भागले असता दैनिक सरासरी १०.६ येते. तथापि सी भाषेत बेरीज आणि दिवस हे दोन्ही पूर्णांक म्हणून घोषित केले असतील, तर ५३ भागिले ५ याचे उत्तर १० येते. पूर्णांकाला पूर्णांकाने भागताना ही भाषा दशांश भाग सोडून देते. चुकीचा कोणताही संदेश येत नाही, यंत्र थांबत नाही आणि उत्तर मात्र चुकते.

आता प्रश्न थोडा बदलून पाहू. ज्या दिवशी पाऊस पडला, केवळ त्या दिवसांची सरासरी हवी आहे. असे दिवस चार असल्याने ५३ ला ४ ने भागून १३.२५ हे उत्तर मिळते. परंतु आठवडाभर पाऊसच पडला नाही, तर भाजक शून्य होतो आणि आज्ञावली कोलमडते. महाराष्ट्राच्या अवर्षणप्रवण तालुक्यांत असा आठवडा भर पावसाळ्यातही येऊ शकतो. विद्यार्थ्याने आपल्यासमोरील पाच आकडे वापरून आज्ञावली तपासली असेल, तर हा दोष त्याच्या लक्षातही येणार नाही.

म्हणूनच उत्तर आधी हाताने काढून पाहणे, नेहमीच्या मूल्यांबरोबरच शून्य, ऋण संख्या, पहिले आणि शेवटचे मूल्य अशा टोकाच्या मूल्यांवर आज्ञावली तपासणे, आणि चुकल्यास एकेका ओळीनंतर चलांची मूल्ये काय होतात याचा कागदावर तक्ता मांडणे, ही या अभ्यासक्रमाची मध्यवर्ती अपेक्षा आहे. पुढे हेच विद्यार्थी बँका, रुग्णालये आणि शासकीय कार्यालये यांच्यासाठी आज्ञावल्या लिहिणार असतात. तेथे दशांशाची चूक कोणाच्या तरी निवृत्तिवेतनात किंवा औषधाच्या मात्रेत उतरते.

आज्ञावली दुसऱ्याला वाचता येईल अशी लिहिणे, हीदेखील एक अपेक्षा असते. चलांना अर्थपूर्ण नावे द्यावीत, ओळींची मांडणी नीटनेटकी असावी आणि जेथे हेतू उघड नसेल तेथे टीप लिहावी. अशा बाबींना गुण दिले जातात, कारण आज्ञावली एकदा लिहिली जाते आणि दुरुस्तीसाठी अनेकदा वाचली जाते. तीन महिन्यांनी ती वाचणारा परका माणूस बहुधा तिचा लेखकच असतो.

मुदत आणि प्रात्यक्षिक वही

प्रात्यक्षिके ठरलेल्या मुदतीत सादर करण्याचा नियम विद्यार्थ्यांना जाचक वाटतो. मुदत संपल्यावर त्याच प्रश्नाची उत्तरे वर्गात चर्चिली जातात. मागाहून येणारे काम त्यामुळे स्वतंत्र राहत नाही. दुसरे असे की, सत्राअखेर एकाच आठवड्यात दहा प्रात्यक्षिके पूर्ण करणारा विद्यार्थी काही शिकत नाही, तर वही भरतो. म्हणून उशिराच्या प्रत्येक दिवसासाठी काही गुण कमी करण्याची पद्धत आढळते. काही अभ्यासक्रमांत प्रत्येक विद्यार्थ्याला सत्रभरासाठी मोजके सवलतीचे दिवस देण्यात येतात आणि ते केव्हा वापरावयाचे हे त्याच्यावरच सोपविले जाते. आजारपण किंवा घरची अडचण यांसाठी दर वेळी विनंती करण्याचा संकोच त्यामुळे टळतो.

वीज गेली, फाइल पुसली गेली, पेन ड्राइव्ह हरवला, ही कारणे सामान्यतः मान्य केली जात नाहीत. वरकरणी हे कठोर वाटते. परंतु कामाची प्रत दोन ठिकाणी ठेवणे आणि मुदतीच्या आदल्या दिवशी काम संपविणे या सवयी व्यवसायात अनिवार्य असतात आणि त्या येथेच लागाव्यात, असा त्यामागील हेतू आहे.

सहकार्य कोठे संपते आणि नक्कल कोठे सुरू होते

सर्वांत नाजूक प्रश्न हा आहे. मैत्रीत वही देणे-घेणे आपल्याकडे सहजभाव मानला जातो. मित्राला प्रात्यक्षिक उतरवून घेऊ न देणारा विद्यार्थी आपमतलबी ठरतो. अशा स्थितीत केवळ ‘नक्कल करू नये’ असे म्हणणे पुरेसे होत नाही. सीमारेषा स्पष्ट आखून द्यावी लागते.

अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात २००७ पासून डेव्हिड मेलन यांच्या नेतृत्वाखाली चालणारा ‘सीएस ५०’ हा प्राथमिक अभ्यासक्रम या बाबतीत लक्षणीय आहे. त्याच्या नियमांचा आशय असा की, सादर केलेल्या कामाचे सार विद्यार्थ्याचे स्वतःचे असले पाहिजे. प्रश्नाविषयी बोलण्यास मुभा आहे. मदत मागताना विद्यार्थी आपली आज्ञावली दुसऱ्याला दाखवू शकतो. मात्र दुसऱ्याची आज्ञावली पाहू शकत नाही. या भेदामुळे अडलेल्याला मदत मिळते आणि उतरवून काढण्याचा मार्गही बंद होतो. तेथे आणखी एक तरतूद आहे. एखाद्याने नियमभंग केला आणि ७२ तासांच्या आत स्वतःहून तसे कळविले, तर अभ्यासक्रमाच्या पातळीवर त्याला शिक्षा होऊ शकते. परंतु प्रकरण पुढील शिस्तभंगाच्या कारवाईसाठी पाठविले जात नाही. मध्यरात्रीच्या घाईत चुकलेल्या तरुणाला सकाळी सावरण्याची संधी देणारा हा नियम आहे.

नक्कल ओळखण्याची साधनेही आता उपलब्ध आहेत. ॲलेक्स एकन यांनी १९९४ मध्ये विकसित केलेली ‘मॉस’ ही प्रणाली जगभर वापरली जाते. अशी प्रणाली मोकळ्या जागा वगळते, चलांच्या नावांतील फरक गौण मानते, मजकुराचे लहान लहान तुकडे करते आणि त्यांचे जणू बोटांचे ठसे घेऊन ते परस्परांशी ताडून पाहते. त्यामुळे नावे बदलून किंवा टीपा काढून टाकून साम्य लपत नाही. अर्थात साम्य म्हणजे पुरावा नव्हे. पाच ओळींच्या आज्ञावल्या शंभर विद्यार्थ्यांनी स्वतंत्रपणे लिहिल्या, तरी त्या सारख्याच दिसणार. म्हणून यंत्राने दाखविलेले साम्य शिक्षकाने स्वतः पाहणे आणि विद्यार्थ्याचे म्हणणे ऐकून घेणे आवश्यक ठरते. यासाठी आपल्याकडील तोंडी परीक्षेची पद्धत अतिशय उपयुक्त आहे. ‘ही ओळ काढली तर काय होईल ?’ या एका प्रश्नाने स्वतः लिहिलेली आणि उसनी आणलेली आज्ञावली वेगळी ओळखू येते.

कृत्रिम बुद्धिमत्तेची नवी कसोटी

नोव्हेंबर २०२२ मध्ये ‘चॅटजीपीटी’ सर्वांसाठी खुले झाले आणि पुढे अशा अनेक साधनांची भर पडली. प्रथम वर्षाची जवळजवळ सर्व प्रात्यक्षिके ही साधने काही क्षणांत सोडवून देतात. मग ती विद्यार्थ्याने का सोडवावीत, असा प्रश्न साहजिकच विचारला जातो.

याचे उत्तर प्रात्यक्षिकाच्या हेतूत आहे. मूळ संख्या शोधणाऱ्या आणखी एका आज्ञावलीची जगाला गरज नसते. ती लिहिताना विद्यार्थ्याच्या विचाराला जी शिस्त लागते, तिची गरज असते. साधनाने दिलेली आज्ञावली बरोबर आहे की चूक, हे ठरविण्यासाठीही तेच ज्ञान लागते. पर्जन्यमापकाच्या उदाहरणातील दशांशाची चूक ज्याने स्वतः केली आणि शोधली, त्यालाच ती दुसऱ्याच्या आज्ञावलीत दिसते. उपर्युक्त ‘सीएस ५०’ अभ्यासक्रमाने २०२३ पासून मध्यम मार्ग स्वीकारला. अभ्यासक्रमाने स्वतः तयार केलेले, थेट उत्तर न देता वाट दाखविणारे साधन विद्यार्थ्यांना वापरता येते. उत्तरे पुरविणारी बाहेरची साधने मात्र वर्ज्य मानली जातात. आपल्या महाविद्यालयांनीही याबाबत मौन न बाळगता काय चालेल आणि काय चालणार नाही हे नियमपत्रकात नमूद करणे अगत्याचे आहे. नियमच सांगितलेला नसताना विद्यार्थ्याला दोषी धरणे न्याय्य होत नाही.

जबाबदारी दुहेरी आहे

नियम केवळ विद्यार्थ्यांसाठी नसतात. मुदत पाळण्याची अपेक्षा करावयाची, तर ज्यांच्या घरी संगणक नाही त्यांच्यासाठी प्रयोगशाळा तासांव्यतिरिक्तही उघडी राहिली पाहिजे. शंका विचारण्यास शिक्षकांच्या भेटीची वेळ ठरलेली असावी आणि तपासलेले काम वेळेत परत मिळावे. दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठी पडद्यावरील मजकूर वाचून दाखविणारी प्रणाली यंत्रांवर बसविलेली असावी. अशी ‘एनव्हीडीए’ ही प्रणाली विनामूल्य मिळते.

भाषेच्या आघाडीवर महाराष्ट्रात काही चांगले प्रयत्न झाले आहेत. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ उपक्रमात मुक्त संगणक प्रणालींविषयीचे ध्वनिचित्र-पाठ मराठीतूनही उपलब्ध करण्यात आले आहेत. विद्यार्थी ते आपल्या गतीने थांबवून, मागे नेऊन पाहू शकतो. त्याच संस्थेतील प्राध्यापक अभिराम रानडे यांनी सी++ भाषेच्या आपल्या पाठ्यपुस्तकात प्रारंभीच पडद्यावरील कासवाला आज्ञा देऊन चौकोन, बहुकोन काढण्याची पद्धत अवलंबिली आहे. आज्ञा आणि परिणाम यांचा संबंध विद्यार्थ्याला त्यामुळे डोळ्यांनी दिसतो. २०२१-२२ या शैक्षणिक वर्षापासून पिंपरी-चिंचवड येथील एका अभियांत्रिकी महाविद्यालयात संगणक अभियांत्रिकीचा अभ्यासक्रम मराठीतून सुरू झाला. अन्य महाविद्यालयांना निदान नियमपत्रक आणि पहिल्या महिन्याच्या टिपणांचा मराठी अनुवाद विद्यार्थ्यांच्या हाती ठेवता येईल. त्यास फारसा खर्च नाही.

समारोप

प्राथमिक अभ्यासक्रमात प्रत्येक विद्यार्थी निष्णात व्हावा, अशी कोणाचीही अपेक्षा नसते. त्याने नियमित यावे, स्वतः लिहावे, चुकले तर का चुकले ते शोधावे, अडल्यास निःसंकोचपणे विचारावे आणि जे सादर केले ते आपले आहे असे ताठ मानेने सांगता यावे, एवढेच अपेक्षित असते. चुकीचा संदेश म्हणजे नापासाचा शेरा नव्हे. अनुभवी आज्ञावलीकारालाही तो दररोज दिसतो. ही गोष्ट पहिल्याच तासाला, विद्यार्थ्याला समजेल अशा भाषेत सांगितली गेली, तर तालुक्याच्या गावाहून आलेला मागच्या बाकावरचा तो विद्यार्थी चौथ्या आठवड्यातही वर्गात बसलेला दिसेल. नियमपत्रकाचे खरे यश याच एका गोष्टीवरून मोजावयास हवे.